ध्यान सातवं आहे हो

ठाण्यात घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे मानपाड्याच्या आसपास अडकलं की होर्डिंग्ज वाचण्याशिवाय काही काम नसतं, आणि हल्ली त्यातल्या बऱ्याच होर्डिंग्जवर मनःशांती विकायला ठेवलेली असते. नवीन टॉवरची जाहिरात असेल तर मागे येऊरचा डोंगर, पुढे पद्मासनात बसलेली एक बाई, खाली मेडिटेशन डेक, योगा लॉन, रिफ्लेक्सोलॉजी पाथ वगैरे, आणि त्याच्या बाजूला कुठल्या तरी वीकेंड रिट्रीटचं होर्डिंग, 'कॉन्शस लिव्हिंग' शिका, दोन दिवस, जेवण सात्त्विक. शिकावं की, माझं काही म्हणणं नाही. माझ्या ऐरोलीच्या ऑफिसमधली निम्मी टीम कुठलं ना कुठलं मेडिटेशन ॲप वापरते, आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी योगाची बॅच चालते, लोकांची झोप सुधारते, बीपीच्या गोळ्या कमी होतात, हे सगळं खरंच चांगलं आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. जाणीवपूर्वक जगणं ही आपण एक खाजगी गोष्ट करून टाकलीय, दार लावून, मॅटवर बसून, इअरफोन घालून करायची, आणि दार उघडून बाहेर आलो की ती संपली. मला वाटतं ते बरोबर उलटं आहे. तुमची आध्यात्मिक प्रगती वगैरे काय झालीय ते मॅटवर कळत नाही, ते सोसायटीच्या गेटवर, कचऱ्याच्या डब्यापाशी आणि रात्री दहानंतर कळतं. म्हणून हा विषय तुमच्या-माझ्या बेडरूमचा नाही, शहराचा आहे.

आता हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. पतंजलींच्या योगाची आठ अंगं सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असतात, यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. ध्यान सातवं आहे हो! आसन तिसरं. आमची क्लबहाऊसमधली बॅच तिसऱ्यापासून सुरू होते आणि ॲप तर थेट सातव्यावर नेऊन बसवतं, ते पण लिफ्टमध्ये, तीन मिनिटांत. पहिलं अंग यम, आणि त्यात काय आहे तर अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हणजे मारू नका, खोटं बोलू नका, दुसऱ्याचं घेऊ नका, गरजेपेक्षा जास्त साठवू नका (ब्रह्मचर्याचं ज्याचं त्याने बघावं). यातली बहुतेक सगळी कलमं दुसऱ्या माणसाशी कसं वागायचं याची आहेत. एकट्याने गुहेत बसलेल्या माणसाला अस्तेय पाळायला काय लागतंय, तिथे चोरायला आहे कोण. काही जाणकार म्हणतात की ही अंगं आहेत, जिना नाही, एकामागून एकच चढलं पाहिजे असं काही नाही. मान्य. पण पहिलं ते पहिलंच ठेवलंय ना, ते ऑप्शनला टाका असं कुठे म्हटलेलं नाही.

विपश्यनेत पण तेच. बेलापूरला पारसिक हिलवर धम्म विपुल केंद्र आहे, नवी मुंबईतले कितीतरी लोक तिथे दहा दिवसांचं शिबिर करून येतात. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. आल्यावर लोक काय सांगतात तर फोन काढून घेतात, पहाटे चारला घंटा होते, नऊ दिवस बोलायचं नाही, पाय दुखतात. पण ध्यानाला बसवायच्या आधी तिथे पाच शीलं घ्यायला लावतात, हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही, कसलेही लैंगिक संबंध नाहीत, नशा नाही, ते कोणी सांगत नाही. मुळात मौन तरी कशाला असतं? बोललंच नाही तर खोटं बोललं जाणार नाही, निदान तेवढे दिवस तरी. म्हणजे तिथेसुद्धा आधी वागणं आणि मग श्वास. आपण मात्र घरी येताना श्वास तेवढा घेऊन येतो.

आता अस्तेय घ्या, कारण ठाण्यात राहून हा विषय टाळणं शक्यच नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून आपण कोणी टीव्ही उचलून आणत नाही, पण झोप बिनधास्त उचलून आणतो. गोविंदाचे नऊ थर लावायचे, त्याच्या आधी आठ दिवस स्पीकरच्या भिंतीची टेस्टिंग, मग गणपती, आगमन वेगळं, विसर्जन वेगळं, मग नवरात्र, मग कोणाचा तरी वाढदिवस, मग लग्नाची वरात, आणि थर्टीफर्स्ट तर आहेच. प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं, 'अहो वर्षातून एकदाच असतं, थोडं सहन करा की'. सगळ्यांचं वर्षातून एकदाच असतं, फक्त सहन करणारा प्रत्येक वेळी तोच असतो. काचा थरथरतात म्हणजे काय हे ज्यांच्या घराखाली मिरवणूक थांबते त्यांना विचारा. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत, बायपास झालेली, विसर्जनाच्या संध्याकाळी त्यांचा मुलगा त्यांना गाडीत घालून डोंबिवलीला बहिणीकडे सोडून येतो. बाप्पा आपल्या गल्लीत येतो म्हणून एका म्हातारीला गल्ली सोडून जावं लागतं, यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही याचंच मला नवल वाटतं.

कायदा नाही असंही नाही. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, हॉस्पिटल-शाळा-कोर्टाच्या 100 मीटरमध्ये शांतता क्षेत्र, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, फक्त वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. ठाण्यातलेच डॉक्टर महेश बेडेकर यांनी या विषयावर हायकोर्टात याचिका लढवली आणि ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं की लाऊडस्पीकर लावणं हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क म्हणून मागता येणार नाही. कुठल्याही म्हणजे कुठल्याही, मंदिर असो, मशीद असो, इथे लगेच 'आधी त्यांना सांगा' सुरू होतं म्हणून लिहिलं. पण मला कायद्यापेक्षा भक्तीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. वारकरी कीर्तनाला वीणा, टाळ आणि पखवाज पुरायचा, शेकडो वर्षं पुरला, कोणाची भक्ती कमी पडली असं काही ऐकिवात नाही. मग आता छातीत धडधडेपर्यंत आवाज का लागतो? तर तो देवासाठी नाहीच, तो शेजारच्या मंडळासाठी आणि बॅनरवरच्या फोटोसाठी आहे. हे मंडळातल्या पोरांनाही माहीत असतं, चहाच्या टपरीवर एकट्याने भेटला तर कबूलही करतो.

आणि हे फक्त मंडळवाल्यांवर ढकलून चालणार नाही. आम्ही टॉवरवाले त्यांना नावं ठेवतो आणि आमच्या पोडियमवर गरबा साडेदहानंतर 'फक्त शेवटचं गाणं' करत करत अकरा वाजवतो, पलीकडच्या चाळीतल्या लोकांनी सकाळची पाचची ड्युटी असते म्हणून फोन केला तर आमची कमिटी पोलिस परमिशनचा कागद दाखवते.

अहिंसेबद्दल एकच उदाहरण देते, कारण ते आठवलं की अजून पोटात कालवतं. 16 एप्रिल 2023, खारघर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम. लाखो श्रीसदस्य (आप्पासाहेब धर्माधिकारींचे अनुयायी) आले होते, शिस्तीत. हे तेच लोक जे रविवारी हातात झाडू घेऊन रस्ते साफ करतात, झाडं लावतात, मी स्वतः बघितलंय त्यांना नाले साफ करताना. आणि एप्रिलच्या उन्हात, उघड्या मैदानात ते तासन् तास बसून राहिले आणि त्यातले 14 जण उष्माघाताने गेले. स्टेजवर सावली होती. भक्तांच्या श्रद्धेत काही कमी नव्हतं हो, कार्यक्रम किती वाजता ठेवायचा आणि मांडव कोणाच्या डोक्यावर घालायचा हे ठरवणाऱ्यांनी खाली बसणाऱ्याचा विचार केला नाही. कॉन्शस चॉइस वगैरे शब्द आपण स्वतःच्या डाएटसाठी वापरतो, खरं तर ते अशा ठिकाणी वापरायला हवेत, जिथे एकाच्या निर्णयाचं ऊन दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं.

आता गेटवर येऊ. आमच्याकडे (आणि तुमच्याकडेही असणार) लिफ्टच्या बाहेर पाटी आहे, डिलिव्हरीवाले आणि घरकामाच्या बायकांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. सर्व्हिस लिफ्ट एक, ती पण आठवड्यातून एकदा बंद. रात्री पावसात एक पोरगा येतो, हेल्मेटमधून पाणी गळतंय, गेटवर नाव लिहितो, फ्लॅट नंबर लिहितो, वॉचमन ॲपवर विचारतो पाठवू का, वरून कोणी उत्तर देत नाही कारण वर वेब सिरीज चालू असते, पोरगा उभा, त्याच्या फोनवर टायमर पळतोय, मग वर जातो तर सर्व्हिस लिफ्ट बाविसाव्या मजल्यावर अडकलेली. पिशवीत काय असतं, तर एक आईस्क्रीमचा टब आणि कोथिंबीर. आणि वर पोचल्यावर दार उघडून पहिलं वाक्य, 'दहा मिनिटं लिहिलं होतं ना?' अपरिग्रहाचं आपण भाषांतर मिनिमलिझम असं करून टाकलंय, म्हणजे कपाटातले जुने कपडे काढून टाकायचे आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो टाकायचा. मला वाटतं खरा साठा आपण दुसऱ्याच्या वेळेचा करतो. घरात फ्रिज असताना, पुढच्या चौकात भाजीवाली असताना, सगळं जग माझ्यासाठी दहा मिनिटांवर हजर पाहिजे, हा सगळ्यात मोठा परिग्रह आहे.

लगेच कोणी म्हणेल मग ऑर्डर करू नका. नाही, मी तसं म्हणत नाहीये, त्या पोरांना काम पाहिजे आणि बहिष्कार टाकून आपलं मन तेवढं स्वच्छ होतं, त्याचा हप्ता भरला जात नाही. ऑर्डर करा की. पण घाई नसेल तर उशिराची वेळ निवडा, फोन उचला, जी लिफ्ट खाली असेल त्यातून त्याला येऊ द्या, पाणी विचारा. यात एक रुपया जात नाही. जातो तो थोडा रुबाब, आणि अडचण तीच आहे.

वॉचमनचं तर बोलायलाच नको. बारा तासांची ड्युटी, प्लास्टिकची खुर्ची, एप्रिल-मे महिन्यात पत्र्याची केबिन. घरकामाला येणाऱ्या मावशी सकाळी सातला कळव्याहून निघतात, पाच घरं करतात, दुपारी दोनपर्यंत त्यांनी टॉयलेटला जायचं कुठे? पाचही घरांत दोन-तीन बाथरूम आहेत आणि पाचही घरांत त्यांनी विचारायची सोय नाही. त्यातल्या एका घरातल्या मॅडम रोज सकाळी मेत्ता ध्यान करतात, सर्व प्राणी सुखी होवोत. मी टोमणा मारत नाहीये, त्या खरंच चांगल्या बाई आहेत, पगार वेळेवर देतात, दिवाळीला साडी देतात. पण सर्व प्राण्यांमध्ये मावशींचं ब्लॅडर येतं हे त्यांच्या लक्षातच आलेलं नाही, आणि लक्षात न येणं हाच तर सगळा प्रॉब्लेम आहे, जाणीव जाणीव म्हणतो ती दुसरी कसली असते?

कचऱ्याचं थोडक्यात. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याला पडत होता, तिथले लोक धूर गिळत होते, मग भंडार्लीला गेला, मग डायघरला, आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी आंदोलन केलं की आपण पेपरात वाचून पान उलटलं. ओला-सुका-घातक वेगळा करायचा नियम 2016 मध्येच आला. नवी मुंबई या बाबतीत आपल्यापेक्षा बरी, स्वच्छ सर्वेक्षणात वरचे नंबर काढते, कोपरखैरण्याला जुन्या डम्पिंग ग्राउंडवर निसर्ग उद्यान उभं केलंय, सकाळी लोक तिथे प्राणायाम करतात. आणि आपण वापरलेलं डायपर ओल्या कचऱ्यात टाकतो आणि कोणीतरी ते हाताने वेगळं करतं. गाडगेबाबा (1876 ते 1956) गावात गेले की दिवसभर झाडू मारायचे आणि रात्री कीर्तन करायचे, क्रम लक्षात घ्या, आधी झाडू. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या कॅन्सर पेशंटना राहायला जागा देते. त्यांना कोणी विचारलं असतं की बाबा हे सोशल वर्क झालं, स्पिरिच्युअल ग्रोथचं काय, तर त्यांनी बहुतेक त्याच्याच हातात खराटा दिला असता.

हा प्रश्न मला मात्र खरंच विचारतात. 'तू सांगतेस तो सिव्हिक सेन्स झाला, अध्यात्म त्याच्या पुढचं असतं, आधी मन शांत झालं की वागणं आपोआप सुधारतं.' यातलं 'आपोआप' मला पटत नाही. वीस-वीस वर्षं साधना करणारे लोक पार्किंगवरून शिव्या देताना मी बघितलेत आणि कधी डोळे मिटून न बसलेली माणसं बघितलीत ज्यांच्या सोबत नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं. मन शांत झालं की नाही हे कळणार कसं? मॅटवर कोणी तुमची शांती मोडायला येतच नाही. ती मोडते सर्व्हिस लिफ्टवाला पोरगा तुमच्या लिफ्टमध्ये ओल्या रेनकोटने घुसतो तेव्हा. त्या क्षणी आत जे काही वर उसळतं ना, हा माझ्या बरोबरीने उभा कसा राहिला, ते बघणं, ते ओळखणं आणि तरीही जरा सरकून त्याला जागा देणं, माझ्या मते हीच साधना आहे, आणि ही रोज दहा वेळा फुकटात मिळते. ध्यानाने ते उसळणं लवकर दिसायला लागतं, ही ध्यानाची खरी किंमत आहे आणि म्हणून ध्यान करावंच. पण दिसल्यावर निवड करावी लागते, ती ॲप करून देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. हे सगळं वेळ असणाऱ्यांचं आहे. जो माणूस दिव्याहून पहाटे लोकल पकडतो, दारात लटकत मुंब्र्याचं वळण पार करतो आणि रात्री नऊला घरी येतो त्याने कधी जाणीवपूर्वक जगायचं? 9 जून 2025 ला मुंब्र्यापाशी त्याच वळणावर दोन लोकलच्या दारातले लोक एकमेकांना घासून खाली पडले आणि जीव गेले, त्यांना आपण काय सांगणार, वर्तमान क्षणात जगा? तो तर वर्तमान क्षणातच जगत असतो, हात सुटला तर संपलं. म्हणूनच मी म्हणतेय की हा सार्वजनिक प्रश्न आहे. लोकल वाढवणं, त्यांचे दरवाजे बंद होणं, घराजवळ काम मिळणं, रात्री झोप मिळणं, एखादी बाग जिथे गेटवर कोणी हटकत नाही, हे सगळं मिळालं तर त्या माणसाला स्वतःकडे बघायला अर्धा तास मिळेल. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी तो वेळ या मागण्यांमध्ये घालणं हे कुठल्याही रिट्रीटइतकंच आध्यात्मिक आहे असं माझं मत आहे, कोणाला राजकारण वाटलं तर वाटो.

आणि गंमत म्हणजे त्या गर्दीतल्या लोकांनी स्वतःपुरता मार्ग काढलेला आहेच. सेंट्रल लाइनवर वर्षानुवर्षं भजनी मंडळं चालतात, टाळ असतात, नसले तर डब्याच्या पत्र्यावर ठेका, कल्याणला सुरू झालेलं भजन दादरपर्यंत. मला ते आवडतं, पण सगळ्यांना आवडत नाही हेही खरं, नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला डुलकी काढायची असते आणि कानाशी टाळ. माझे वडील अशाच एका ग्रुपमध्ये होते, त्यांच्याकडे एक अलिखित नियम होता, कोणी झोपलेलं दिसलं किंवा कोणी हात जोडून 'काका जरा हळू' म्हटलं की टाळ पिशवीत आणि नुसत्या टाळ्या, त्या पण मांडीवर. जागा पण अडवून ठेवायची नाही, जो आधी चढेल तो बसेल. हे त्यांना कोणी कोर्टाने सांगितलेलं नव्हतं.

सोसायट्यांची एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस चौदा दिवस आधी निघते, म्हणजे विषय लेखी द्यायचा तर त्याच्या आधीच द्यावा लागतो. मी तीन विषय दिलेत. ग्राउंड फ्लोअरला वॉचमन आणि घरकामाच्या बायकांसाठी टॉयलेट, पोडियमवरचा स्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद, आणि लिफ्टची पाटी काढणे. सेक्रेटरी काका म्हणाले टॉयलेटचं प्लंबरला विचारून बघतो, स्पीकरचं नवरात्र झाल्यावर बघू (!), पण पाटी काढायचा विषय घेतला तर मेंबर बोंबलतील. बोंबलू देत की, एजीएममध्ये दुसरं आपण करतो काय. विषय नोटिशीत आला पाहिजे एवढंच मी त्यांना पुन्हा लिहून दिलंय, आणि पोचपावती घेतलीय.